दार उघडणारं मत, दार लावणारं मत

शाळा आणि मूल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही मूळचे नाशिकचे, गेली नऊ वर्षं उत्तर व्हर्जिनियात राहतो. मुलगी दुसरीत आहे. तिचा जन्म २० सप्टेंबरचा, त्यामुळे वर्गात सगळ्यांत लहान. यंदा तिची कॉगॅट, म्हणजे विचारक्षमता मोजणारी चाचणी झाली. एकूण १३४ आणि आकृत्यांच्या भागात १४१ आले. गिफ्टेड, म्हणजे खास बुद्धिमान मुलांसाठीच्या वर्गात तिची निवड होणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. मागच्या आठवड्यात नकाराचं पत्र आलं. बाईंनी भरलेलं रेटिंग कमी पडलं एवढंच कळलं. पालकसभेत बाई म्हणाल्या होत्या, "शांत आहे, नियम पाळते, मेहनती आहे, पण स्वतःहून बोलत नाही." शेजारच्या मुलाचे १२६ होते, त्याला प्रवेश मिळाला. तो वर्गात सारखा बोलत असतो. माझे मिस्टर म्हणतात, आपल्याकडची पद्धत बरी, गुण ते गुण, जेईईला कोणी विचारत नाही मूल शांत आहे की बोलकं. हा वर्णभेद आहे का? अपील करावं का? पुढच्या वर्षासाठी क्लास लावावा का? आणि मुलगी विचारते, "आई, मी हुशार नाही का?" तिला काय सांगू?
— एक आई, उत्तर व्हर्जिनिया

उत्तर : अपिलाची मुदत थोडी असते, म्हणून तेवढं तुम्हाला ईमेलने लगेच कळवलं होतं. बाकीचं इथे लिहिते, कारण अशी पत्रं दर हिवाळ्यात येतात.

मुलीच्या प्रश्नापासून सुरू करू. तिला सांगा, शाळेत एक वर्ग आहे, त्यात कोणी बसायचं ते मोठी माणसं ठरवतात, आणि त्यांना तुझ्याबद्दल पुरेसं माहीत नव्हतं. आम्ही त्यांना सांगणार आहोत. एवढं पुरे. "तू हुशारच आहेस" असं दहादा म्हणू नका, त्याने तिची शंका वाढेल. आणि तिच्यासमोर बाईंना नावं ठेवू नका. जूनपर्यंत तिला रोज त्यांच्याच समोर बसायचंय.

आता बाईंबद्दल. रेटिंगचे असे तक्ते मी स्वतः अकरा वर्षं भरलेत. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत नऊ वर्षं शिकवून मी लग्नानंतर अमेरिकेत आले, इथलं लायसन्स काढलं आणि दुसरीचा वर्ग घेतला. डिसेंबर आला की रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तक्त्यांचा गठ्ठा घेऊन बसायची. प्रत्येक मुलासाठी दहा-बारा वाक्यं. नव्या कल्पना मांडतो का, कुतूहल दाखवतो का, अवघड काम आवडीने करतो का. प्रत्येक वाक्यासमोर 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंतची खूण. पहिल्या मुलाला मी पंधरा मिनिटं द्यायचे. अठराव्याला तीन. आणि अठरावं मूल कोण असायचं? ज्याच्याबद्दल मला पटकन काही आठवत नसे ते.

एका वर्षी सगळे तक्ते भरून झाल्यावर मी ते ओळीने मांडून पाहिले. वरच्या खुणा मिळालेली सात मुलं होती. सातही जण हात वर करणारी, सातही जणांच्या घरी इंग्रजी बोललं जाणारं. हात वर करण्याबद्दल तक्त्यात एक अक्षर नव्हतं. मी मात्र ते प्रत्येक वाक्यात मोजलं होतं. बोलका तो कुतूहल असलेला, बोलका तोच चिकाटीचा, बोलका तोच कल्पक. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली हीच गोष्ट सैन्यातल्या अधिकाऱ्यांबाबत दाखवली होती. हाताखालच्या माणसाची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य यांना वेगवेगळे गुण द्या म्हटलं, तरी एका गुणाची छाप बाकीच्या सगळ्यांवर पडायची. डी.एड.ला हे मी पाठ केलं होतं. टेबलावर तक्ते मांडेपर्यंत ते माझ्याबद्दल आहे असं वाटलं नव्हतं.

त्याच वर्षी माझ्या वर्गात एल साल्वादोरहून आलेला एक मुलगा होता. चार महिने त्याने तोंड उघडलं नव्हतं. त्याला मी जवळपास सगळीकडे 'क्वचित' दिलं. जानेवारीत नाग्लिएरी चाचणीचे निकाल आले. ही नुसत्या आकृत्यांची चाचणी, तिच्यात वाचायचं काही नसतं. तो वर्गात सर्वांत वर होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला आइस्क्रीमच्या काड्यांची कोडी घातली. तीन सोडवली, चौथं सोडवलं आणि मग काड्या माझ्याकडे सरकवून हाताने खुणावलं, आता तू. त्याने माझ्यासाठी नवं कोडं रचलं होतं, आणि मला ते लवकर सुटेना. तक्ता बदलता येईल का विचारायला मी ऑफिसात गेले. मुदत संपली होती.

हे सांगते ते तुमच्या मुलीच्या बाईंना दोषी ठरवण्यासाठी नाही. त्यांच्या टेबलावर कदाचित पंचवीस तक्ते असतील, आणि तुमची मुलगी अठरावी असेल.

शिक्षकांची नजर कितपत खरी ठरते, याचा अभ्यास जुना आहे. पिट्सबर्गच्या एका शाळेत पेग्नाटो आणि बर्च या दोघांनी तो केला, १९५९ साली छापला. बुद्ध्यंक १३६ किंवा त्याहून जास्त असलेली ९१ मुलं त्या शाळेत होती. शिक्षकांनी हुशार म्हणून १५४ नावं दिली. त्यांत ती ९१ पैकी ४१ च मुलं होती. बाकीची ५० शिक्षकांना दिसलीच नाहीत. हा आकडा पुढे शिक्षकांविरुद्ध हत्यारासारखा वापरला गेला, तेही बरोबर नव्हतं. फ्रांस्वा गान्ये या क्वेबेकच्या अभ्यासकांनी १९९४ मध्ये तीच आकडेमोड पुन्हा तपासली आणि दाखवलं की इतर पद्धतींशी नीट तुलना केली तर शिक्षक इतके वाईट ठरत नाहीत. मला दोन्ही पटतात. शिक्षकाला जे दिसतं ते खरं असतं. जे दिसत नाही ते मात्र नसतंच, असं तो धरून चालतो.

चाचणीचंही तसंच. १९२१ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातली सुमारे दीड हजार बुद्धिमान मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. आधी शिक्षकांनी नावं द्यायची, मग चाचणी. त्या चाचणीत कमी पडून बाहेर राहिलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. एकाला १९५६ चं आणि दुसऱ्याला १९६८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्या दीड हजारांत नोबेल कोणालाच मिळालं नाही. तुमच्या मिस्टरांना हे सांगा. कॉगॅटच्या मोजपट्टीवर सरासरी १०० असते, आणि तेच मूल आठवड्याने पुन्हा बसवलं तर चार-पाच गुण सहज इकडेतिकडे होतात. १३४ आणि १२६ मधलं अंतर घरी दिसतं तेवढं मोठं नाही. शेजारच्या मुलाला चुकीने घेतलं असं म्हणू नका. तोही योग्य असेल. प्रश्न तुमच्या मुलीला का नाही घेतलं हा आहे.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून गेलात : २० सप्टेंबर. व्हर्जिनियात ३० सप्टेंबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण झालेलं मूल किंडरगार्टनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला जातं. म्हणजे तुमच्या मुलीच्या शेजारी जवळजवळ एक वर्षाने मोठी मुलं बसतात. सात वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातलं एक वर्ष म्हणजे सातवा हिस्सा. कॉगॅटचे १३४ हे तिच्या वयाच्या मुलांशी तुलना करून आलेत. बाईंच्या डोळ्यांसमोर मात्र वर्ग असतो, वय नसतं. धिटाई, सलग बोलणं, स्वतःहून पुढे होणं हे सगळं वयाबरोबर येतं, आणि रेटिंगच्या तक्त्यात ते बुद्धीच्या रकान्यात जाऊन बसतं. टर्मन यांनाही हे दिसलं होतं. वर्गातलं सर्वांत बुद्धिमान मूल शोधायचं तर शिक्षकाचं मत विचारण्यापेक्षा हजेरीपटावरच्या जन्मतारखा पाहाव्यात, सर्वांत लहान मूल निवडावं, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. शंभर वर्षं झाली. मी भरलेल्या एकाही तक्त्यावर जन्मतारखेचा रकाना नव्हता. अपिलात हा मुद्दा पहिला लिहा.

वर्णभेदाबद्दल तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. अमेरिकेतल्या गिफ्टेड वर्गांत आशियाई मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने जास्तच आहेत. तेव्हा आपली मुलं म्हणून दार बंद होतं, असं म्हणायला आधार नाही. दार खरोखर बंद होतं ते दुसऱ्यांसाठी. ग्रिसम आणि रेडिंग यांच्या २०१६ च्या अभ्यासात गणित-वाचनात सारखेच गुण असलेली कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या मुलांपेक्षा गिफ्टेड वर्गात कमी जात होती, आणि शिक्षक कृष्णवर्णीय असेल तर वाचनाच्या वर्गांत ती तफावत भरून येत होती. मुलं तीच, गुण तेच. फक्त पाहणारे डोळे वेगळे. आपल्या वाट्याला येतं ते वेगळं, 'मेहनती' हा शब्द. त्यात कौतुक असतं, पण जे दिसतं ते कष्टाचं आहे, मूळचं नाही, असंही त्यात गुपचूप म्हटलेलं असतं. मी तो शब्द माझ्या तक्त्यांत कोणाकोणासाठी वापरला ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

मग करायचं काय, सगळं चाचणीवर सोडायचं? फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचं उदाहरण मला सर्वांत पटतं. तिथे २००५ पर्यंत शिक्षक किंवा पालक यांनी नाव सुचवलं तरच मुलाची बुद्ध्यंक चाचणी व्हायची. २००५ मध्ये त्यांनी दुसरीतल्या प्रत्येक मुलाला आधी एक छोटी, आकृत्यांची चाचणी द्यायला सुरुवात केली. गिफ्टेड ठरण्याचा निकष तोच ठेवला, एका गुणाने खाली आणला नाही. तरी गरीब घरांतल्या मुलांची निवड होण्याचं प्रमाण सुमारे १८० टक्क्यांनी वाढलं. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. कार्ड यांना पुढे २०२१ मध्ये नोबेल मिळालं. नाव सुचवण्याच्या जुन्या पद्धतीत कोण सुटत होतं, याची यादी त्यांनी दिलीय : कृष्णवर्णीय मुलं, हिस्पॅनिक मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं, गरीब घरांतली मुलं, आणि मुली. मुली, हे अधोरेखित करा. पुढे मंदीनंतरच्या काटकसरीत सगळ्यांना चाचणी देणं थांबलं, आणि आकडे पुन्हा खाली आले.

माझं म्हणणं यातूनच तयार झालंय. शिक्षकाच्या मताने दार उघडावं, लावू नये. चाचणीत कमी पडलेल्या मुलाबद्दल बाई म्हणाल्या, "नाही, याच्यात काहीतरी आहे, मी रोज पाहते," तर त्या मुलाला पुढे घ्यावं. माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच गेली. चाचणीच्या दिवशी तापातून उठून आलेली, गुण बेताचे. पण वर्गातल्या गोगलगायींचा तिने तीन आठवडे तक्ता ठेवला होता, कोणी न सांगता. मी ते पानभर लिहिलं आणि तिला घेतलं. पण चाचणीत चमकलेल्या मुलाला बाईंच्या 'कधीकधी'मुळे थांबवू नये. दोन्हींत वर असलं तरच प्रवेश, असा नियम केला की दोन्हींच्या चुका एकाच मुलाच्या डोक्यावर बसतात. तुमच्या मुलीचं तेच झालंय.

जेईईची तुलना मला मान्य नाही. सतरा वर्षांचा मुलगा आपण परीक्षा देतोय हे जाणतो. सात वर्षांची मुलगी त्या दिवशी पेन्सिलीला टोक होतं की नाही यावर ठरते. शिवाय व्हर्जिनियाच्या नियमांप्रमाणे एकाच निकषावर मुलाला पात्र किंवा अपात्र ठरवता येत नाही. हा नियम तुमच्या बाजूचा आहे. नुसत्या गुणांवर घ्या असं म्हणता येणार नाही, पण नुसत्या रेटिंगवर नाकारलंत का, हे विचारता येईल.

अपील कराच. नकार कळल्यापासून शाळा भरण्याचे १० दिवस मिळतात. अपील ऐकणाऱ्या समितीत बहुसंख्य माणसं पहिल्या समितीतली नसावीत असाही नियम आहे. आधी अपिलाचा अर्ज द्या, मग रेटिंगचा तक्ता पाहायला मागा. १९७४ च्या फर्पा कायद्याने मुलाची शालेय कागदपत्रं पाहण्याचा हक्क पालकांना आहे, पण शाळेला त्यासाठी ४५ दिवसांपर्यंत मुदत असते, म्हणून त्याची वाट पाहत बसू नका.

अर्जासोबत वर्कबुकची पानं जोडू नका. अशी पानं समितीपुढे ढिगाने येतात. तिने कोणी न सांगता काय केलं ते द्या. दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढताना तिला काही दिसलं असेल, एका ठिपक्याखाली तीन, तीनाखाली पाच असं मांडत गेलं की एकूण ठिपके एक, चार, नऊ होतात असं काही, तर तो कागद द्या. तिचं वाक्य मराठीत जसंच्या तसं लिहा, खाली इंग्रजी, आणि तारीख. बाईंनी तुमच्या मुलीला मराठीत बोलताना कधीच ऐकलेलं नाही. घरी ती तासभर प्रश्न विचारत असेल तर ते प्रश्न कोणते, हे समितीला फक्त तुम्हीच सांगू शकता. आणि ग्रंथपाल किंवा चित्रकलेच्या बाई यांच्यासारखी, तिला वेगळ्या ठिकाणी पाहणारी एखादी व्यक्ती असेल तर तिलाही दोन ओळी लिहायची विनंती करा.

क्लास लावू नका. नमुन्याचे प्रश्न एकदा दाखवा, म्हणजे चाचणी कशी असते याची भीती जाईल. त्यापुढे जाऊ नका. शनिवार-रविवार आकृत्या फिरवण्यात घालवून गुण वाढतीलही, पण त्या वाढलेल्या गुणांमुळे चाचणी कोणाचीच खरी राहत नाही, आणि क्लासची फी न परवडणाऱ्या घरातलं मूल एक पायरी खाली जातं.

प्रश्न : मी पुण्याचा, सध्या मुलाकडे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आलोय. नातू चार वर्षांचा आहे. इथे गिफ्टेड वर्गासाठी पूर्वी परीक्षा होती म्हणे. आता प्री-के, म्हणजे बालवाडीच्या शिक्षिका नाव सुचवणार आणि मग संगणक चिठ्ठ्या काढणार. गुणवत्तेचा निकाल चिठ्ठीवर? हा कसला न्याय?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, त्या परीक्षेची हकीकत ऐका, मग ठरवा. न्यूयॉर्कने २००८ मध्ये सगळ्या शहरासाठी एकच चाचणी ठेवली, हेतू चांगला होता. पूर्वी प्रत्येक विभागाची पद्धत वेगळी, तिथे ओळखीपाळखी चालत. एक चाचणी, एक रेषा, शतमक ९० (म्हणजे शंभरांतल्या नव्वद मुलांच्या वर), आणि शहरभरच्या खास शाळांसाठी प्रत्यक्षात ९७ च्याही वर. झालं असं की चार वर्षांच्या मुलांचे क्लास निघाले, आणि काही गरीब विभागांत वर्ग भरण्याइतकी पात्र मुलंच सापडेनात. चार वर्षांच्या मुलाची बुद्धी एका सकाळी मोजून ती वर्षानुवर्षांच्या शिक्षणासाठी धरायची, हे मला तेव्हाही पटत नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये शहराच्या शिक्षण मंडळाने चाचणीचं कंत्राट नामंजूर केलं. त्या ऑक्टोबरात महापौर डी ब्लासिओ यांनी हे वर्गच बंद करायचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी नवे महापौर ॲडम्स यांनी ते ठेवले, वाढवले, पण शिक्षकांचं मत आणि सोडत ही पद्धत कायम राहिली.

सोडतीवर माझा राग नाही. पात्र मुलं जास्त, जागा कमी, तेव्हा ९७ आणि ९८ शतमकांतला फरक खरा आहे असं सोंग करण्यापेक्षा चिठ्ठी प्रामाणिक. माझी काळजी चिठ्ठीच्या आधीची आहे. बालवाडीच्या बाईंनी कोणाकोणाकडे पाहून खूण केली? तुमच्या सुनेला सांगा, बाईंना जाऊन भेट, नातू घरी काय करतो ते सांग. तुम्ही त्याला मराठी गोष्टी सांगता ना, मध्ये थांबून तो काय विचारतो तेही सांगा. ते बाईंच्या कानावर दुसऱ्या कोणाकडून जाणार नाही.

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यात जि. प. शाळेत पाचवीला शिकवतो. मुख्याध्यापक म्हणतात, नवोदयचे (सरकारी निवासी शाळेच्या प्रवेशपरीक्षेचे) फॉर्म फक्त निवडक आठ-दहा मुलांचेच भरा, निकाल चांगला दिसतो. वर्गात ३४ मुलं आहेत. त्यांतली अकरा दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. निवड करायची तर कशी करावी?
— एक शिक्षक

उत्तर : सर, निवड करूच नका. चौतीसच्या चौतीस फॉर्म भरा.

नवोदयच्या परीक्षेत शिक्षकाच्या मताला गुण नाहीत. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. बुद्धिमत्ता, गणित, भाषा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. १९८५-८६ मध्ये दोनच शाळांपासून सुरुवात झाली, त्यातली एक आपल्या अमरावतीची. ही पद्धत न्यायाची आहे असं सगळे म्हणतात आणि तीन चतुर्थांश ते खरंही आहे. पण फॉर्मवर मूल आपल्या शाळेत शिकतं हा दाखला मुख्याध्यापकच देतो, आणि अशी परीक्षा असते हेही मुलाच्या आईला गुरुजीच सांगतात. अमेरिकेत शिक्षकाचं मत निदान कागदावर असतं, मागून पाहता येतं, त्याविरुद्ध अपील करता येतं. तुमच्या मुख्याध्यापकांनी जी चोवीस-सव्वीस मुलं गाळायला सांगितलीत, त्यांच्याबद्दल कुठे ओळसुद्धा लिहिली जाणार नाही. आणि ही परीक्षा एका मुलाला एकदाच देता येते. पुढच्या वर्षी बघू, हे इथे चालत नाही.

अकरा मुलांचं अवघड आहे, मला माहीत आहे. फॉर्म भरायच्या वेळी ती गावात असतात, परीक्षा हिवाळ्यात, तेव्हा ती फडावर असतात. म्हणून फॉर्म भरतानाच आईबापांशी बोला. मूल आजी-आजोबांजवळ राहील का, गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का, नसेल तर त्यासाठी आत्ताच पंचायत समितीत जा. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला आणायला कोण जाणार, हे नावानिशी ठरवून वहीत लिहून ठेवा.

तुमच्या जिल्ह्यातली मुलं मी पलीकडच्या टोकाला पाहिलीत. साताऱ्यात कारखाना सुरू झाला की आमच्या शाळेत चार-पाच महिने ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरची मुलं येत. तेव्हा शिष्यवृत्तीची परीक्षा चौथीला असे. मी दर वर्षी बारा मुलं निवडून त्यांचा सकाळी आठचा तास घ्यायचे. एका वर्षी चौथीत एक मुलगी आली. वाचताना अडखळायची, अक्षर वाकडं, अंगावर धाकटा भाऊ. तिला मी मागच्या रांगेत बसवलं. फेब्रुवारीत एकदा तिचे वडील मुकादमाची पावती घेऊन शाळेत आले, हिशेब बरोबर आहे का पाहायला. मी कागद-पेन घेतलं. ती बापाच्या शेजारी उभी राहून टनांवरून, उचल वजा करून, राहिलेले पैसे सांगून मोकळी झाली. मी दोनदा करून पाहिलं. तिचंच बरोबर होतं. वडील म्हणाले, "हिला येतंय तसलं."

फॉर्म ऑक्टोबरातच गेले होते. मार्चमध्ये गाड्या परत निघाल्या, त्यात ती गेली. तिचं नाव माझ्या त्या वर्षीच्या हजेरीवहीत आहे, बारा जणांच्या यादीत नाही. तुमच्या अकरा मुलांचे फॉर्म भरून झाले की मला दोन ओळी लिहा.